क्षरणकारी काडतुसांनंतरची रायफल सफाई

पोटॅशियम क्लोरेटचा प्रायमर असलेली क्षरणकारी, म्हणजे पोलाद गंजवणारी, काडतुसे झाडल्यावर रायफलीत मागे राहणारा क्षार धुऊन काढण्याची पद्धत. नेहमीच्या सफाईहून ती एकाच बाबतीत वेगळी आहे: इथे तेलाच्या आधी पाणी लागते. बंदुकीत पाणी ओतायचे म्हटले की नवख्याचा हात अडतो, आणि नळी खराब होते ती बहुधा त्यामुळेच.

काडतुसाच्या बुडाशी बसवलेली बारीक टोपी म्हणजे प्रायमर. फायरिंग पिन आदळली की तिच्यातले मिश्रण पेट घेते आणि ज्योत दारूपर्यंत जाते. जुन्या मिश्रणांतले पोटॅशियम क्लोरेट आपला ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे उरते पोटॅशियम क्लोराइड. हे खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंड. गॅसच्या झोतासरशी त्याचे कण नळीभर बसतात. हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्या खारट ओलीत पोलाद गंजते. मीठ लावलेली कैरी चिरून विळी तशीच ठेवली, तर संध्याकाळपर्यंत पात्यावर तांबूस डाग उमटतात. नळीत हेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

धूररहित दारू आली तेव्हा या गंजाचा दोष बराच काळ दारूच्या आम्लावर गेला. अमेरिकेच्या खाण विभागाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तो प्रायमरच्या क्षारावर निश्चित झाला. त्यातच तेल का पुरत नाही तेही कळले. क्षार तेलात विरघळत नाही. लोणच्याच्या बरणीत तेल वर तरंगते आणि मीठ खालच्या खारात उतरते, तसाच हा प्रकार. तेल लावून ठेवलेल्या नळीत क्षार तेलाखाली शाबूत राहतो आणि आपले काम करत राहतो. पुढे लेड स्टिफनेटचे प्रायमर आले आणि हा त्रास संपला. पण अनेक देशांच्या सैन्यांनी साठवणुकीत टिकतो म्हणून जुनाच प्रायमर दीर्घकाळ वापरला. पाश्चात्त्य नेमबाजांना मिळणारी सोव्हिएत गटाची स्वस्त शिल्लक काडतुसे याच जातीची. भारतात असा माल खुल्या बाजारात नाही. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापे) सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

नाशिकला हा विषय परका नाही. देवळालीची छावणी, त्र्यंबक रस्त्यावरची पोलीस अकादमी आणि डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेले भोसला सैनिकी विद्यालय यांमुळे रायफल साफ करणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण खरा फरक पडतो तो इथल्या हवेने. पोटॅशियम क्लोराइड साधारण ८४ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाझरू लागते. मार्चच्या कोरड्या दुपारी न धुतलेली नळी दोन-चार दिवस तशीच चकचकीत दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. श्रावणात, त्यातही त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे, तीच चूक एका रात्रीत उघडी पडते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढतात. ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीत हे काम क्षणाचे आहे. नळीचे तोंड खाली धरून चेंबरच्या (काडतूस बसते त्या मागच्या) बाजूने, नरसाळ्यातून, दोन-तीन लिटर उकळते पाणी ओततात. ब्रिटिश सैन्याची नियमावलीही हेच सांगे. नरसाळे नीट बसले नाही तर पाणी लाकडी दस्त्यात मुरते, म्हणून घाई नको. उकळतेच पाणी का? क्षार थंड पाण्यातही जातो, पण गरम पाण्याने नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडतो. मग फुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंधी लावून ओढतात. ती कोरडी आणि स्वच्छ येईपर्यंत. बोल्टचे तोंड आणि नळीचे टोक पुष्कळदा राहून जाते. एसएलआरसारख्या (सेल्फ-लोडिंग रायफल), झाडल्यावरच्या गॅसच्या जोरावर चालणाऱ्या रायफलीत गॅस प्लग आणि पिस्टनही धुवावे लागतात, कारण क्षार तिथवर पोचलेला असतो.

अमोनिया क्षार 'मारतो' अशी एक समजूत आहे. अमोनिया उपयोगी पडतो तो नळीतले तांबे काढायला. क्षार धुतला जातो तो त्यातल्या पाण्याने. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राखही ओल धरते, तिलाही गरम पाणीच. काडतुसाची जात नक्की ठाऊक नसेल, तर ते क्षरणकारी धरून धुणे स्वस्तात पडते.

तेलाचा पातळ हात यानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडी चिंधी पुन्हा एकदा ओढून पाहतात. ती तांबूस आली, तर पाणी पुन्हा चुलीवर.