सात फूट चार इंचांवर उतारा

१५ मार्च २०२३ ला न्यू जर्सीतल्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने टेक्सस सदर्नला हरवले आणि अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची मुख्य फेरी गाठली. पुढची गाठ पर्ड्यू विद्यापीठाशी होती, तीही दोनच दिवसांनी. पर्ड्यू अव्वल मानांकित, आणि त्यांचा झॅक ईडी सात फूट चार इंच उंच. फेअरली डिकिन्सनच्या खेळाडूंची सरासरी उंची होती सहा फूट एक इंच. पहिल्या श्रेणीतल्या ३६३ संघांत हाच सर्वांत बुटका.

तरी त्यांचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन ड्रेसिंग रूममध्ये पोरांना म्हणाले, पर्ड्यूचा खेळ जितका जास्त बघतो, तितकं वाटतं की आपण यांना हरवू शकतो. हे कॅमेऱ्यात टिपले गेले. अनेकांना तो आगाऊपणा वाटला.

दोन दिवसांत प्रतिस्पर्ध्याचे बघायचे तरी काय? सामन्यामागे किती गुण होतात, हा आकडा फसवा. वीस षटकांतल्या १६० धावा आणि पन्नास षटकांतल्या २४० यांची तुलना आपण धावगतीने करतो ना, तसेच इथे. काही संघ भराभर खेळतात, काही चेंडू घोळवत बसतात. म्हणून चेंडूचा ताबा शंभर वेळा मिळाला तर गुण किती, हे मोजतात. त्याखाली संख्याशास्त्रज्ञ डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक येतात: नेमबाजी, चेंडू गमावणे (टर्नओव्हर), हुकलेला आपलाच चेंडू परत मिळवणे आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट). त्यांनी दिलेले वजन अंदाजे ४०, २५, २० आणि १५ टक्के. नेमबाजीत लांबून केलेला तीन गुणांचा बास्केट (थ्री-पॉइंटर) दीडपट धरतात, कारण दहापैकी चार थ्री-पॉइंटर म्हणजे १२ गुण आणि दहापैकी पाच साधे, दोन गुणांचे बास्केट म्हणजे १०.

पर्ड्यूचा सगळा खेळ ईडीभोवती फिरायचा. पण त्याच्यापर्यंत चेंडू नेणारे दोन्ही गार्ड पहिल्या वर्षाचे. बुटक्या संघाने नेमका तोच रस्ता अडवला. मैदानभर दबाव, ईडीच्या पुढे एक जण आणि मागे मदतीला दुसरा. ईडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेले चेंडू) मिळवले खरे, पण शेवटच्या नऊ मिनिटांत त्याला एकही शॉट घेता आला नाही. पर्ड्यूने १६ वेळा चेंडू गमावला आणि ६३-५८ असा सामनाही.

आता थोडा विरस करतो. पर्ड्यूने २६ थ्री-पॉइंटर मारले, बास्केटमध्ये गेले फक्त ५. हे सगळे बचावाचे श्रेय नव्हे. प्रतिस्पर्ध्याने लांबून किती वेळा मारावे यावर बचावाचा बराच ताबा असतो. मारलेले जातील की नाही यावर फार कमी. शिवाय नमुना लहान. खरोखर ३५ टक्क्यांचा नेमबाज शंभर प्रयत्नांत ३० करेल किंवा ४०, दोन्ही सहज शक्य; नुसत्या नशिबाने होणारा नेहमीचा चढउतारच (प्रमाण विचलन) जवळजवळ पाच टक्के येतो. प्रतिस्पर्ध्याविषयीच्या अहवालात ‘हा सध्या फॉर्मात आहे’ असे लिहिलेले दिसले की मी आधी प्रयत्नांची संख्या शोधतो. त्या रात्री पर्ड्यूचे आणखी दोन थ्री-पॉइंटर गेले असते, तर बाकी सारे तसेच राहूनही निकाल एका गुणाने उलटला असता.

त्यानंतर दोनच दिवसांनी फ्लोरिडा अटलांटिकने फेअरली डिकिन्सनला ७८-७० ने घरी पाठवले.