मोफत वाचायला मिळालं म्हणून हलकं नसतं

पावसाळी हवा लागून राहिली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची चर्चा सुरू होते. औषधांच्या नावांबरोबर हल्ली एखाद्या शोधनिबंधाची लिंकही येते. काही लिंक सारांश दाखवून पैसे मागतात, काही पूर्ण उघडतात. पूर्ण उघडणारे ते ओपन ॲक्सेस. मग शंका येते, फुकट आहे म्हणजे फालतू तर नसेल?

तसं नाही. संशोधन इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता यावं, हा विचार 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ठामपणे मांडला. पण छाननी, संपादन, सर्व्हर यांचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. काही जर्नल्स, म्हणजे शोधनिबंध छापणारी नियतकालिकं, तो संस्थेच्या अनुदानातून भागवतात. बरीचशी लेखकाकडून घेतात, आणि ही रक्कम किरकोळ नसते: ‘नेचर’ या नामवंत जर्नलने 2020 मध्ये जाहीर केलेली फी 9,500 युरो होती.

खोट इथेच शिरते. लेख छापला तरच फी मिळणार असेल, तर नाही म्हणायचं कोणी? 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला एक बनावट शोधनिबंध 304 ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला. 157 जणांनी तो स्वीकारला. मात्र वर्गणीवाल्या जर्नल्सची त्याने परीक्षाच घेतली नव्हती, हे सांगायचं राहून जातं. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा कुप्रसिद्ध निबंध 1998 मध्ये वर्गणीवर चालणाऱ्या ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात आला होता, आणि तो मागे घ्यायला 2010 उजाडलं.

म्हणून वाचणाऱ्याने जर्नलच्या नावावर न थांबता निबंधात शिरावं. फवारणी किती हंगाम करून पाहिली? शेजारी न फवारलेल्या ओळी तुलनेसाठी ठेवल्या होत्या का? पैसा औषध कंपनीचा होता का? एवढं तपासायला पदवी लागत नाही.

छापून आणणाऱ्यांचं दुखणं वेगळं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ, दोन्हींची मुख्यालयं नाशकात; शिवाय शहरात कॉलेजं भरपूर. पीएचडी, बढती यांसाठी निबंध हवेत, आणि ती घाई ओळखून ‘तीन दिवसांत प्रकाशन’वाले ईमेल येत राहतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये आपल्या मान्य यादीतून 4,305 जर्नल्स काढली, नंतर मान्य जर्नल्सची ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि 2025 मध्ये तीही बंद केली. पारख आता ज्याची त्याने करायची. माझ्या मते हे बरंच झालं. तयार यादी हाती असली की लोक जर्नल उघडूनही पाहत नाहीत.

जर्नलवर छापलेल्या आयएसएसएन क्रमांकाला भुलू नये, ती नुसती नोंदणी आहे. जर्नलमधल्या निबंधांचा इतर निबंधांत सरासरी किती उल्लेख होतो ते सांगणारा आकडा, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरही भलत्याच नावाच्या संस्थांकडून विकत मिळतो. खरा क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जाहीर करते. ओपन ॲक्सेस जर्नल डीओएजे या पारखून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या सूचीत आहे का, हे मोफत पाहता येतं. फी आधीच उघडपणे लिहिलेली असावी. दंतवैद्यक आणि वाणिज्य एकाच अंकात दिसलं, तर सावध व्हावं. आणि संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला, त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर, सरळ ईमेल करावा. आपलं नाव तिथे आहे हे कधीकधी त्यांनाच माहीत नसतं.