गोंगाटाखाली दबलेला संकेत

जीपीएसचा उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याची प्रक्षेपणशक्ती असते अवघी 50 वॅटच्या आसपास. त्यातली मोबाइलच्या अँटेनापर्यंत पोहोचणारी शक्ती वॅटमध्ये लिहायची झाली, तर दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये द्यावी लागतात. खुद्द मोबाइलमध्ये निव्वळ उष्णतेमुळे जो विद्युत गोंगाट सतत चालू असतो, त्याच्याही जवळपास शंभरपट खाली हा संकेत दबलेला असतो. तरीही तो सापडतो, कारण काय शोधायचे हे मोबाइलला आधीच ठाऊक असते.

प्रत्येक उपग्रहाला +1 आणि −1 अशा 1023 अंकांची स्वतःची एक मालिका दिलेली असते आणि ती दर मिलिसेकंदाला नव्याने सुरू होते. मोबाइल हीच मालिका स्वतः तयार करतो, आलेल्या लहरीशी अंकागणिक गुणतो आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करतो. जुळणी अचूक झाली, तर संकेताची बेरीज 1023 पटीने वाढते. गोंगाटातले अधिक-उणे मात्र एकमेकांना खोडत जातात आणि त्याची बेरीज साधारण 32 पटींच्या पुढे जात नाही. मालिका पूर्ण एका अंकाने सरकली, तरी संकेताची बेरीज 1023 वरून कोसळते आणि −1, 63 किंवा −65 यांपैकीच एखादी उरते. या मालिकांची गणिती रचना रॉबर्ट गोल्ड यांनी 1967 मध्ये मांडली. उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारताही काही किलोहर्ट्‌झ इकडेतिकडे सरकलेली असते, म्हणून मालिका किती सरकवायची आणि वारंवारता किती बदलायची, अशा दोन्ही अंगांनी हा शोध घ्यावा लागतो.

मालिका किती सरकवल्यावर जुळते, त्यावरून संकेताला लागलेला वेळ आणि त्यातून उपग्रहाचे अंतर काढतात. एका अंकाच्या अवधीत प्रकाश सुमारे 293 मीटर जातो. अंतर काही मीटरांपर्यंत अचूक हवे असेल, तर बेरजेचा आलेख जिथे टोक गाठतो, ती जागा अंकाच्या शंभराव्या भागापर्यंत नेमकी ठरवावी लागते. खरी अडचण इथेच येते. लोअर परळसारख्या उंच इमारतींच्या भागात थेट संकेतामागोमाग भिंतींवरून परावर्तित झालेला संकेतही येतो. तो पन्नास मीटर जादा फिरून आला, तर आलेखाचे टोक वाकडे होते. वेगळ्या वारंवारतेवरच्या एल-5 या नव्या संकेतात जीपीएसने अंकांचा वेग दहापट केला. तिथे एक अंक सुमारे 29 मीटरांचा असल्याने असे परावर्तन मुख्य टोकापासून वेगळे पडते. 2018 मधला शाओमीचा मी 8 हा जुन्या आणि एल-5 अशा दोन्ही वारंवारतांवर स्थान काढणारा पहिला मोबाइल.

पण इमारतीने थेट संकेत पुरता अडवला आणि केवळ परावर्तित संकेतच हाती आला, तर एल-5 चाही उपयोग नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे पॉल ग्रोव्ह्ज यांनी 2011 मध्ये मांडलेला मार्ग मला यातला सर्वांत कल्पक वाटतो. शहराचा त्रिमितीय नकाशा हाताशी असेल, तर रस्त्याच्या कोणत्या बाजूने कोणता उपग्रह दिसेल आणि कोणता इमारतीआड जाईल, हे आधी गणित करून ठेवता येते. मग मोबाइलला प्रत्यक्षात कोण ठळक ऐकू येते आणि कोण क्षीण किंवा गायब आहे, याच्याशी ते ताडून पाहायचे. इथे न मिळालेला संकेतही माहिती देतो. रस्त्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे आपण कोणत्या फुटपाथवर आहोत हे सांगण्यात, ही पद्धत चांगली उतरते. रस्त्याच्या लांबीवर आपण नेमके कुठे आहोत, हे ठरवायला मात्र नेहमीच्या अंतरमापनाचाच आधार घ्यावा लागतो.