जुना डिमरस्टॅट घरी जोडण्यापूर्वी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतले एखादे जुने पॅनल मोडीत निघाले की त्यातला डिमरस्टॅट, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, किलोच्या भावाने भंगारात जातो. मग घरी छोटे वर्कशॉप थाटलेले कोणीतरी तो हौसेने उचलून आमच्याकडे आणते. वस्तू बहुधा चांगली निघते. तांबे आणि कोअर सहसा दगा देत नाहीत, झिजतो तो ब्रश (नॉबबरोबर वेढ्यांवरून सरकणारा तुकडा) आणि चुकते ती जोडणी.

डायलवर शून्य म्हणजे करंट नाही, हा समज आधी सोडा. डिमरस्टॅटमध्ये एकच वाइंडिंग असते आणि त्याचे एक टोक इनपुट-आउटपुट दोन्हीला सामाईक असते. त्या टोकाला न्यूट्रलच यायला हवा. तिथे फेज गेली तर नॉब शून्यावर असतानाही आउटपुटच्या दोन्ही तारांवर जमिनीच्या तुलनेत 230 व्होल्ट असतात. मीटर त्या दोन तारांमध्ये शून्य दाखवते, आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो.

प्लेटवर इनपुट 240, आउटपुट 0 ते 270 असे काही लिहिलेले असेल तर ठीक. 115 किंवा 120 व्होल्टचे परदेशी यंत्र आपल्या लाइनवर लावू नका.

आता झाकण काढून ट्रॅक बघा, म्हणजे वेढ्यांवरचे इनॅमल जिथे घासून काढलेले असते तो पट्टा. तो सगळीकडे सारखा तांबूस दिसला पाहिजे. एखाद्या जागी काळा डाग आणि शेजारचे इनॅमल करपलेले दिसले तर तिथे ब्रश बराच काळ एकाच जागी जास्त लोड घेऊन उभा होता असे समजा. ब्रश कार्बनचाच हवा. तो सरकताना शेजारचे दोन वेढे एकमेकांना जोडतो. कार्बनच्या रोधामुळेच तिथला करंट आवाक्यात राहतो. एका ग्राहकाने ब्रशऐवजी तांब्याचा तुकडा बसवला होता. वेढे वितळून एकमेकांना चिकटले होते. ते वाइंडिंग आम्हाला वाचवता आले नाही.

टर्मिनलची अक्षरे पुसलेली असली तर मल्टिमीटर ओहमवर लावा. उदाहरणार्थ, दोन टोकांमध्ये 9 ओहम आले, तर इनपुटचा टॅप (वाइंडिंगच्या मधूनच काढलेली जोडणी) एका टोकापासून साधारण 8 आणि दुसऱ्यापासून 1 ओहमवर सापडतो. ज्या टोकापासून 8, ते सामाईक. काही यंत्रांना दोन्ही बाजूंनी टॅप असतो. तिथे नॉब शून्यावर आणून ब्रश कोणत्या टोकाशी जुळतो ते पाहा. मग मीटर सामाईक टोक आणि ब्रश यांच्यात लावून नॉब हळूहळू फिरवा, आकडा मध्येच तुटता कामा नये.

त्यानंतर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचे मीटर) वाइंडिंग आणि बॉडी, तसेच वाइंडिंग आणि नॉबचा दांडा तपासायचा. 2 मेगओहमच्या खाली असेल तर आम्ही जोडून देत नाही. पावसाळाभर शेडमध्ये पडलेले यंत्र ओल धरते. खोक्यात 60 वॉटच्या बल्बजवळ दिवसभर ठेवले की बहुतेक वेळा आकडा चढतो.

पहिल्यांदा वीज देताना 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर उत्तम. लखलखीत पेटून राहिला तर वेढे शॉर्ट आहेत.

फ्यूज ब्रशच्या तारेत लावा, आणि तो यंत्राच्या रेटिंगचाच. 4 अँपिअरच्या यंत्रातून 20 व्होल्टला 10 अँपिअर घेतले तर लाइनमधून 1 अँपिअरही जात नाही. घरचा एमसीबी शांत राहतो आणि ब्रश जळतो. इनपुटला दोन्ही तारा तोडणारा स्विच आणि सी टाइपचा एमसीबी घ्या, कारण चालू करताना कोअर क्षणभर खूप करंट ओढतो. नॉब शून्यावर ठेवून तो कमी होत नाही. तरीही नॉब शून्यावरच ठेवा, पुढच्या लोडसाठी. पेटी धातूची असेल तर पेटी आणि कोअर दोन्हींना अर्थिंग हवेच. सॉकेटसमोर उभे राहिल्यावर फेज उजवीकडे अपेक्षित असते, पण घराच्या वायरिंगवर विश्वास न ठेवता टेस्टरने बघा.

टीव्ही, अँप्लिफायर उघडून दुरुस्ती करणार असाल तर डिमरस्टॅटच्या पुढे एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. डिमरस्टॅट लाइनपासून अलग करत नाही.

नवा ब्रश हवा असेल तर होल्डर आणि स्प्रिंगसकट घेऊन या. नुसत्या ब्रशवरून माप जुळत नाही.