ताट, तात आणि तीन भाषांचे घर

गेल्या महिन्यात मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आम्ही सोलापुरातल्या एका बालवाडीत गेलो होतो. मुलगा बावीस महिन्यांचा आहे. तिथल्या बाईंनी त्याच्यापुढे चित्रांचे पुस्तक उघडून एकेका चित्रावर बोट ठेवत 'हे काय?' असे विचारले. दुधाच्या पेल्यावर बोट आले तेव्हा तो 'पालु' म्हणाला, आणि बाईंनी वहीत फुली मारली. घरात कोण कोणती भाषा बोलते हे विचारून झाल्यावर त्यांनी सांगितले, की तीन-तीन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, म्हणून त्याचे बोलणे मागे पडले आहे, तेव्हा घरात एकच भाषा ठेवा. सल्ला आपुलकीने दिलेला होता, पण तो चुकीचा होता. अनेक घरांत हाच सल्ला ऐकून आजी-आजोबांना नातवंडांशी स्वतःच्या भाषेत बोलायचे थांबवले जाते, म्हणून हा लेख.

सोलापुरात तीन भाषांचे घर ही काही नवलाची गोष्ट नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट तालुक्यात कन्नड आणि मराठी एकाच ओसरीवर नांदतात, आणि ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने इथे गड्ड्याची यात्रा भरते त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. आमच्या घरी मी मराठी बोलते, सासूबाई तेलुगू बोलतात, आणि मी कामावर असताना मुलाला सांभाळणाऱ्या अक्कलकोटकडच्या मावशी त्याच्याशी कन्नडच बोलतात. दूध माझ्याकडे 'दूध' असते, त्याच्या नानम्माकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, 'पालु' आणि मावशींकडे 'हालु'. यातले पालु आणि हालु हे मुळात एकच शब्द आहेत. जुन्या कन्नडमध्येही दुधाला 'पाल्'च म्हणत असत. सुमारे हजार वर्षांपूर्वी कन्नडमध्ये शब्दांच्या आरंभीच्या 'प'चा 'ह' होऊ लागला आणि पालचा हालु झाला.

बालवाडीतून परतल्यावर मी एका वहीत मुलाचे शब्द लिहायला घेतले. आठवडाभरात एकसष्ट शब्द झाले: चौतीस मराठी, एकोणीस तेलुगू, आठ कन्नड. आठ गोष्टींसाठी त्याच्याकडे दोन-दोन शब्द आहेत आणि दुधासाठी तीन, म्हणजे एक्कावन्न गोष्टींना तो नावाने ओळखतो. केवळ मराठीची चाळणी लावली तर चौतीसच हाती लागतात. बहुभाषक मुलांच्या अभ्यासांतून हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे, की एकाच भाषेतले शब्द मोजले तर ही मुले मागे वाटतात, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर ती एकभाषक मुलांच्या बरोबरीने असतात. फुली मुलाच्या नावावर पडली, पण उणीव मोजण्याच्या पद्धतीत होती.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरे तर हा लेख लिहायचा होता, तिच्याकडे वळते. लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना तशी जागा सोडत नाही. 'पाणीसांडलेबघकसे' असा सलग आवाज कानावर येतो, आणि ज्याला एकही शब्द ठाऊक नाही त्या बाळाला त्यात कुठे काय संपते हे समजण्याची वरकरणी काहीच सोय नसते. अनोळखी भाषेतल्या बातम्या ऐकताना आपल्यालाही हाच अनुभव येतो. मग बाळ त्या सलग आवाजातून शब्द वेगळे कसे काढते?

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये याचे एक उत्तर शोधले. त्यांनी पाबिकू, तिबुदो, गोलातू, दारोपी असे चार निरर्थक शब्द तयार केले, आणि संगणकाच्या एकसुरी आवाजात, कुठेही न थांबता, कुठेही आघात न देता, ते उलटसुलट क्रमाने आठ महिन्यांच्या बाळांना केवळ दोन मिनिटे ऐकवले. त्यानंतर कधी 'पाबिकू'सारखा पूर्ण शब्द, तर कधी 'पिगोला'सारखा तुकडा ऐकवला. दारोपीचा शेवट आणि गोलातूची सुरुवात जुळून झालेला 'पिगोला' बाळांच्या कानांवरून गेलेला होताच, पण तो शब्द नव्हता. बाळ दिव्याकडे पाहत राहील तोवर आवाज चालू राहतो अशी योजना होती. बाळांनी तुकडे अधिक वेळ ऐकले, म्हणजे तुकडे त्यांना नवखे वाटले आणि शब्द ओळखीचे.

यामागचा हिशोब मराठीत मांडून पाहू. समजा, एका दिवसात बाळाच्या कानावर 'पा' हे अक्षर वीस वेळा पडले. त्यातल्या बारा वेळा पुढे 'णी' आले (पाणी), पाच वेळा 'य' (पाय) आणि तीन वेळा 'व' (पाव). म्हणजे 'पा'नंतर 'णी' येण्याची शक्यता विसात बारा, ०.६ झाली. आता 'णी' संपल्यावर काय येते ते पाहा: पाणी दे, पाणी पी, पाणी सांडले, पाणी नको, पाणी आण. बारा वेळांपैकी 'दे' तीनदा, 'पी' तीनदा आणि उरलेली तिन्ही दोन-दोनदा. म्हणजे 'णी'नंतर कोणतेही एक अक्षर येण्याची शक्यता जास्तीत जास्त ०.२५. शब्दाच्या पोटात ही शक्यता चढी असते आणि शब्दाच्या वेशीवर ती एकदम घसरते, आणि जिथे ती घसरते तिथे बाळाचे कान शब्द संपल्याची खूण करतात. या मोजमापाला संक्रमण-संभाव्यता म्हणतात. रॉचेस्टरच्या प्रयोगात शब्दाच्या आत ती १ होती आणि वेशीवर ०.३३. दोन मिनिटांत प्रत्येक शब्द पंचेचाळीस वेळा आला होता, आणि तेवढे पुरले.

या हिशोबात मराठी आपली स्वतःची एक अडचण आणते, आणि मला ती फार आवडते. 'पाणी'ला प्रत्यय लागला की 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्याचा' असे रूप होते, 'णी' जाऊन 'ण्या' येते, आणि 'पा'नंतरची ती चढी शक्यता दोन अक्षरांत वाटली जाते. तरीही मराठी मुले पाणी आणि पाण्यात ही एकाच वस्तूची रूपे असल्याचे ओळखतात, याचा अर्थ निव्वळ अक्षरांच्या मोजणीवर त्यांचे काम भागत नसणार. आई 'पाणी?' असा सुटा शब्द विचारते, लाडाने स्वर ताणते, पेला पुढे धरते, या सगळ्याचा आधार त्या मोजणीला मिळतो. संक्रमण-संभाव्यता हे एक हत्यार आहे, सगळी पेटी नव्हे.

भाषा दोन किंवा तीन झाल्या की हा हिशोब कोलमडणार नाही का, ही शंका रास्त आहे. नानम्माचा 'पालु' दिवसात वीस वेळा आला आणि तो माझ्या 'पाणी'च्याच खात्यात मांडला गेला, तर 'पा' चाळीस वेळा होईल आणि 'णी'ची शक्यता ०.६ वरून ०.३ वर येईल. हा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक भाषेची वही वेगळी हवी, आणि वह्या वेगळ्या ठेवण्याची तयारी बाळ जन्मतःच घेऊन येते. फ्रेंच घरांतल्या चार दिवसांच्या बाळांना फ्रेंच आणि रशियन बोलण्यातला फरक कळतो हे १९८८ मध्ये दाखवले गेले, आणि गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांना त्या दोन भाषा वेगळ्या ओळखता येतात हे २०१० मध्ये. एवढ्या लहान वयात ती शब्द ओळखत नाहीत, बोलण्याचा ठेका ओळखतात. आमच्या घरातला ठेक्यातला फरक तर मोठ्यांनाही ऐकू येतो: मराठीत हात, पाय, दात, कान असे कितीतरी शब्द व्यंजनावर थांबतात, तर तेलुगू बोलणे जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर ठेवते, इतके की सासूबाईंच्या तोंडी बस 'बस्सु' होते आणि पेन 'पेन्नु'. शिवाय आवाज वेगळा, चेहरा वेगळा, कुशी वेगळी. वही कोणती उघडायची हे ठरवायला बाळाकडे पुरेशा खुणा असतात.

आता ताटाची गोष्ट. माझा मुलगा ताटाला 'तात' म्हणतो. एकदा जेवायला बसताना मी लाडाने 'तात हवे का?' असे विचारले. त्याने जोरात मान हलवली, स्टीलच्या ताटावर हात आपटला आणि पुन्हा 'तात!' म्हणाला. मी 'ताट?' म्हटल्यावर तो शांत झाला आणि भाताकडे वळला. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये असाच एक प्रसंग नोंदवला होता, त्यात एका इंग्रजी मुलाला माशाचा शब्द नीट उच्चारता येत नव्हता, पण मोठ्यांनी त्याच्यासारखा उच्चार केलेला त्याला चालत नव्हता. कान जिभेच्या पुष्कळ पुढे असतात. मूल बोबडे बोलते म्हणून त्याला ऐकूही तसेच येते असे समजू नये, आणि त्याच्याशी मुद्दाम बोबडे बोलायचीही गरज नाही.

त आणि ट यांतला फरक ऐकू येणे ही आपल्याला साधी गोष्ट वाटते, पण जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये कॅनडात नेमका हाच फरक तपासला. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन उच्चार ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना ते वेगळे ऐकू आले, दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. इंग्रजीत या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून मेंदू त्याकडे लक्ष देणे सोडून देतो. वर्षाच्या आत कान घरच्या भाषेला बेतले जातात, आणि घरात तीन भाषा असतील तर तिन्हींना बेतले जातात.

याच वयावर डोळा ठेवून 'बुद्धी वाढवणाऱ्या' चित्रफिती विकल्या जातात. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषेच्या बारा बैठकी दिल्या, काहींना समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून आणि काहींना पडद्यावरून. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले: माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी उच्चारांतले फरक कळू लागले, पडद्यावरून ऐकलेल्यांना काहीही आले नाही. फोनपुढे बसवलेले मूल गप्प राहते, पण शिकत नसते. वेखंड उगाळून मधातून चाटवले की जीभ मोकळी होते, ही समजूतही सोडून द्यावी. जिभेत काही अडकलेले नसते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिल्याने बॉट्युलिझमसारखी जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

खरी काळजी करण्याची लक्षणे भाषांच्या संख्येत नसतात. मूल हाकेला वळत नाही, वर्षाचे झाले तरी 'बाबाबा', 'दादादा' करत नाही, दोन वर्षांचे झाले तरी कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द हरवू लागले, तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. घरात भाषा कमी केल्याने यातले काहीही बरे होत नाही.

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. मराठीतला 'चालू' कानाला अगदी तसाच येतो, 'चाक'मधल्या 'च'चा, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा. परवा रात्री नानम्मा वाटीतून दूध पाजत होत्या. अर्धी वाटी झाल्यावर मुलाने तोंड फिरवले आणि त्यांना सांगितले, 'पालु चालु.' वाटी बाजूला झाली. उकडत होते, पंखा बंद होता. त्याने माझ्याकडे वळून छताकडे बोट केले आणि तोच शब्द पुन्हा म्हटला, 'चालू.'