पाठपोट स्कॅनिंग आणि कागदाची तिसरी फेरी

साध्या कागदावर प्रत काढणारी यंत्रे १९६० च्या सुमारास कार्यालयांत आली, तेव्हा मूळ कागद हातानेच काचेवर पालथा ठेवावा लागे. गठ्ठ्यातला एकेक कागद आपोआप आत ओढणारे फीडर आले ते सत्तरच्या दशकात, मोठ्या यंत्रांवर. त्यांतला एक प्रकार आज विचित्र वाटेल. यंत्राला प्रतिमा साठवता येत नसे. त्यामुळे एखाद्या अहवालाचे २० संच क्रमवार लावून हवे असले, तर मूळ गठ्ठाच २० वेळा फिरवला जाई. नव्वदच्या दशकात डिजिटल यंत्रे पसरली, पान एकदा वाचले की काम भागू लागले आणि मूळ कागदांचे हे हाल थांबले.

पाठची बाजू मात्र अडचणीची राहिली. वाचणारा सेन्सर एकच, तोही खाली. म्हणून उलटणारा फीडर: पहिली बाजू वाचून झाली की कागद बाहेरच्या रोलरपर्यंत जातो, शेपटी आत असतानाच रोलर उलटा फिरतो आणि कागद परत आत येऊन दुसऱ्या बाजूने सेन्सरवरच्या अरुंद काचेवरून सरकतो.

इथे वाचून संपले, पण कागद लगेच बाहेर पडत नाही. तो आणखी एकदा आत जातो, काहीही न वाचता. नवख्या माणसाला यंत्र बिघडल्यासारखे वाटते. कारण साधे आहे: दुसऱ्या बाजूनंतर लगेच सोडला, तर प्रत्येक कागद पहिली बाजू वर करून पडेल, त्यावर पुढचा, आणि गठ्ठा उलट्या क्रमाने लागेल. तिसरी फेरी फक्त क्रमासाठी. संगणकातल्या फाइलला तिचा काडीचा उपयोग नाही. तिथे पाने आधीच क्रमाने असतात. वेळ जातो, आणि जुना, कडा फाटलेला कागद त्याच वळणातून तिसऱ्यांदा जाताना अडकण्याची शक्यता वाढते. तरीही ज्याला मूळ कागद पुन्हा फाइलला लावायचे आहेत, त्याच्या बाजूने हा निर्णय बरोबरच होता. शंभर सुटे कागद हाताने उलटे लावून पाहिले की पटते.

वेळ की क्रम हा पेच सुटला तो दुसऱ्या सेन्सरमुळे. फीडरच्या आतच, कागदाच्या वरच्या अंगाला तो बसवला. एकाच फेरीत पाठपोट वाचून कागद सरळ क्रमाने बाहेर. जाहिरातीतला वेगाचा आकडाही यामुळे फुगला: मिनिटाला ८० प्रतिमा म्हणजे कागद ४०च. बऱ्याच यंत्रांत दोन्ही सेन्सर वेगळ्या जातीचे असतात, त्यामुळे पाठीचा रंग पोटापेक्षा किंचित वेगळा दिसू शकतो. दुरुस्तीला मात्र याची मदत होते. उभी काळी रेघ फक्त सम पानांवर आली, तर खालची काच पुसत बसू नये, धूळ वरच्या सेन्सरवर आहे.

कागद सुटा करणारी जोडी अजून जुनीच आहे, एक रोलर पुढे ओढणारा, दुसरा खालच्या कागदाला अडवणारा. रबर गुळगुळीत झाले की दोन कागद एकदम जातात आणि पाठपोट कामात दोन पाने गायब होतात. त्यासाठी चांगल्या स्कॅनरमध्ये अल्ट्रासोनिक, म्हणजे कागदातून आरपार न ऐकू येणारा ध्वनी सोडून तपासणारा, सेन्सर असतो. दोन कागदांमधल्या हवेच्या थराने ध्वनी क्षीण झाला की यंत्र थांबते. फोटो चिकटवलेल्या अर्जावरही ते तसेच थांबते, म्हणून भरती-प्रवेशाचे अर्ज स्कॅन करताना ही तपासणी बरेचदा बंद ठेवावी लागते.