तापली की बंद: करंट गेला की पेट्रोल उकळलं?

जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर काहीच सापडत नाही. या तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. एक, ठिणगीचा करंट गायब होणं: तापल्यावर दगा देणारी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) किंवा तिच्या जोडीचा छोटा कंडेन्सर. दुसरा, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या वाटीत, उकळणारं पेट्रोल. थंड झाल्यावर दोन्ही दडतात. म्हणून तपासणी गाडी जिथे बंद पडली तिथेच, इंजिन गरम असताना करायला हवी. टो करून आणलेल्या थंड गाडीत निदान होत नाही, नुसते पार्ट बदलले जातात.

आधी ती कशी बंद पडली ते आठवा. करंट गेला तर गाडी बटण दाबल्यासारखी एकदम बंद होते. पेट्रोल कमी पडलं तर आधी धक्के बसतात, ओढ कमी होते आणि चोक ओढला की काही क्षण सावरते. आरपीएमचा काटाही बोलका असतो. १९६४ नंतरच्या एमजीबीत तो इग्निशनच्या वायरवर चालतो. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना तो शून्यावर पडला, तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), शॉर्ट झालेला कंडेन्सर किंवा सैल वायर बघा. काटा हलतोय म्हणून कॉइल मात्र निर्दोष ठरत नाही. तिचं आतलं बारीक वेटोळं खराब झालं तरी काटा हलत राहतो.

मग कॉइलची मधली वायर प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. ठसठशीत निळी ठिणगी पडली तर कॉइल आणि कंडेन्सर ठीक. बारीक पिवळी पडली किंवा पडलीच नाही तर बिघाड करंटचा. इथे रोटर, म्हणजे कॅपखाली फिरून एकेका प्लगला करंट देणारा तुकडा, विसरू नका. हल्लीचे काही स्वस्त, रिव्हेटवाले रोटर तापल्यावर करंट शाफ्टला देतात, आणि मग कॉइलची ठिणगी उत्तम दिसूनही प्लगपर्यंत काही पोचत नाही. प्लग काढून बघा: पेट्रोलने ओला असेल तर करंटकडे वळा, कोरडा असेल तर पेट्रोलकडे.

पद्मिनी टॅक्सीच्या ड्रायव्हरांचा पंपावर ओलं फडकं ठेवायचा उपाय मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तो चालायचा, कारण पंप इंजिनलाच लागून होता. एमजीबीचा एसयू पंप विजेवर चालतो आणि मागच्या ॲक्सलजवळ असतो, त्यामुळे इथे फडक्याचा उपयोग नाही. तापतात ते कार्ब्युरेटर, कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला, त्यांच्या खालीच आहे. गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू होत नसेल, तर माझा पहिला संशय याच उष्णतेवर असतो. इग्निशन चालू करून पंपाची टिकटिक ऐका. बाउल भरल्यावर ती थांबते. टिकटिक येतच नसेल तर पंपाचे स्वतःचे पॉइंट चिकटले असतील. हलकेच ठोकल्यावर तो जागा झाला की कारण कळलं.

पावसाळ्यात कॅपमध्ये ओल धरते, पण ती थंड गाडीलाही छळते, म्हणून लगेच ओळखू येते.

करंटच्या दुरुस्तीत कंडेन्सर आधी बदला, तो स्वस्त आहे. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कॉइल घ्यायला गेलात तर मल्टिमीटर जवळ ठेवा. थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या गाडीला साधारण ३ ओमची कॉइल लागते. बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टर) असलेल्या गाडीची दीड ओमची कॉइल तिथे बसवली तर तापते आणि पॉइंटही जाळते. बिघाड पेट्रोलचा ठरला तर कार्ब्युरेटरखालची हीट शील्ड आणि तिच्यावरचं इन्सुलेशन शाबूत आहे का बघा, पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधा आणि जुने रबरी होज बदलून इथेनॉल चालणारे बसवा.